आईचा दोष नव्हता: रुबेलाची गोष्ट, सिडनीपासून मांजरीपर्यंत



रेडिओवर आपण बचतीबद्दल बोलतो, कर्जाबद्दल बोलतो, रेशन कार्डाबद्दल बोलतो. आज आम्ही एका आजाराचा इतिहास सांगणार आहोत. आजार आहे रुबेला. काही जण त्याला जर्मन गोवर म्हणतात. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. पण या इतिहासात बाळं आहेत, आया आहेत, आणि आयांवर उगाच घेतलेला आळ आहे.

सुरुवात घरापासूनच करू. आमच्या मांजरीत आजही दिवस गेलेली बाई ग्रहण पाळते. त्या वेळात तिनं काही चिरायचं नाही, कापायचं नाही, खाटेवर सरळ पडून राहायचं. पुढं बाळात काही कमी निघालं, की सगळ्या घराचा पहिला प्रश्न आईला असतो: ग्रहणात काय केलंस? आमच्या गटात एक मैत्रीण आहे. तिचा थोरला मुलगा जन्मापासून ऐकू शकत नाही. तीन वर्षांचा होईपर्यंत सगळे म्हणत राहिले, उशिरा बोलेल, त्याचा मामाही उशिराच बोलायला लागला होता. मग कळलं की त्याला ऐकूच येत नाही. तेव्हा सासूबाईंनी आठवण काढली, ग्रहणाच्या दिवशी हिनं विळीवर भाजी चिरली होती. ती बाई बारा-तेरा वर्षं ते ओझं मनावर घेऊन जगली. मुलाच्या बहिरेपणाचं खरं कारण काय, हे आजही कोणी सांगू शकत नाही. कारण बाळ लहान असताना कोणी तपासलंच नाही, आणि आता तपासून ते कळणार नाही.

म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरात. साल १९४१. तिथं नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्या वर्षी त्यांच्याकडे एकामागून एक तान्ही बाळं येऊ लागली. सगळ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हातारपणी होणारा मोतीबिंदू दोन-तीन महिन्यांच्या बाळांना, आणि तोही दोन्ही डोळ्यांत! एखादं बाळ असतं तर डॉक्टर म्हणाले असते, घराण्यात असेल. पण इतकी बाळं एकदम कशी?

असं सांगतात की त्यांच्या दवाखान्याबाहेर बसलेल्या आया आपापसात बोलत होत्या. एक म्हणाली, दिवस गेले होते तेव्हा मला अंगावर पुरळ आलं होतं. दुसरी म्हणाली, मलाही. ते बोलणं डॉक्टरांच्या कानावर पडलं. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी इतर डॉक्टरांकडूनही माहिती मागवली. एकूण ७८ बाळांची माहिती जमली. त्यातल्या ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणात, बहुतेकींना अगदी सुरुवातीच्या महिन्यांत, रुबेला झाला होता. कित्येक बाळांच्या हृदयातही दोष होता. पुढच्या काळात लक्षात आलं की अशा बाळांत बहिरेपणही आहे.

तोवर रुबेला हा अगदी किरकोळ आजार समजला जायचा. बारीक ताप, अंगावर फिकट पुरळ, कानामागं आणि मानेत गाठी, तीन दिवसांत सगळं ओसरतं. निम्म्या लोकांना तर झाला हे समजतही नाही. असा आजार पोटातल्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय बिघडवतो, हे पुष्कळ मोठ्या डॉक्टरांनाही पटेना. मग लँकेस्टर नावाच्या ऑस्ट्रेलियातल्याच एका आकडेतज्ज्ञानं जुनी खानेसुमारी काढली. १९११ च्या नोंदींत दहा ते चौदा वर्षांची बहिरी मुलं इतर वयांच्या मानानं फार होती. म्हणजे ती १९०० सालाच्या आगेमागे जन्मली होती, आणि त्याच सुमारास तिथं रुबेलाची साथ होती. १९५१ मध्ये त्यानं हे मांडलं. नोंदी चाळीस वर्षं कपाटात पडून होत्या, त्या कोणी एकत्र वाचल्या नव्हत्या, एवढंच.

बाळाचं असं का होतं, तेही समजून घेऊ. पहिल्या बारा आठवड्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय, मेंदू घडत असतात. नेमका त्याच वेळी आईला रुबेला झाला, तर विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि घडण तिथंच अडते. या काळात लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांपर्यंत दोष येऊ शकतो. महिने पुढे गेले तसा धोका कमी होतो. म्हणजे पुष्कळदा आपल्याला दिवस गेलेत हे घरात सांगायच्या आधीच नुकसान होऊन गेलेलं असतं. इथं विळीचा संबंध नाही, ग्रहणाचा नाही, आणि आईच्या वागण्याचा तर मुळीच नाही.

१९६२ मध्ये प्रयोगशाळेत हा विषाणू वेगळा काढता आला. लगेच १९६४-६५ मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली आणि सुमारे २० हजार बाळं हे दोष घेऊन जन्मली. त्या धक्क्यानं लसीचं काम वेगानं झालं आणि १९६९ मध्ये तिथं लस आली. पन्नासेक वर्षं नेटानं लसीकरण केल्यावर २०१५ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतून रुबेला हटल्याचं जाहीर झालं.

आता आपल्या गावाकडं येऊ. मांजरी आणि हडपसरच्या मातीला साथीच्या आजारांचा इतिहास जुना आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्याच्या नावानं परळला हाफकिन संस्था उभी राहिली. तिथं घोड्यांच्या रक्तापासून विषावरची औषधं बनत. हडपसरच्या पूनावाला घराण्याचे शर्यतीचे घोडे होते. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे ते हाफकिनला देत. त्यातूनच सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट सुरू केली. आज तिची एक मोठी वसाहत आपल्या मांजरीत आहे. गोवर आणि रुबेलाची एकत्र लस, जिला आपण एमआर म्हणतो, ती ही कंपनी बनवते आणि कितीतरी देशांत पाठवते. आपल्या गावावरून रोज जाणाऱ्या गाड्यांत काय असतं, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊकच नसतं.

मग प्रश्न पडतो. लस आपल्या दारात बनते, तर ती आपल्या मुलांना इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात का मिळत नव्हती? गोवराची लस १९८५ पासून सरकारी लसीकरणात होती. रुबेलाची मात्र नव्हती. पैसेवाल्यांची मुलं खासगी डॉक्टरांकडे ती घेत.

याला दोन कारणं होती. एक म्हणजे अर्धवट लसीकरण धोक्याचं ठरतं. हे जरा नीट ऐका. लस नसते तेव्हा बहुतेक मुलींना लहानपणीच रुबेला होऊन जातो आणि पुढं तो सहसा होत नाही. समजा निम्म्याच मुलांना लस दिली. मग विषाणू कमी फिरतो आणि उरलेल्या मुली लहानपणी त्यातून सुटतात. पण तो संपलेला नसतो. त्या मुलींना तो विसाव्या-बाविसाव्या वर्षी गाठतो, म्हणजे नेमका बाळंतपणाच्या वयात. ग्रीस देशात असंच झालं. तिथं थोड्याच मुलांना लस मिळत होती आणि १९९३ मध्ये रुबेलाग्रस्त बाळांची लाट आली. म्हणून लस द्यायची तर एकदम सगळ्यांना, मुलींना आणि मुलग्यांनाही, हे ठरलं. आमच्या बैठकीत बायका विचारायच्या, मुलग्याला कशाला, तो कुठं बाळंत होणार आहे? उत्तर हेच आहे. तो आजार घरी घेऊन येतो, आणि घरात बहीण, वहिनी किंवा बायको असते.

दुसरं कारण म्हणजे आपल्याकडे मोजणीच नव्हती. जगात दरवर्षी सुमारे १ लाख बाळं जन्मजात रुबेला घेऊन जन्मतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता, आणि त्यात भारताचा वाटा मोठा होता. पण तो अंदाजच. प्रत्यक्षात एक बाळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, दुसरं हृदयाच्या डॉक्टरकडे, तिसरं कुठंच नाही. तिघांना एकाच विषाणूनं गाठलंय हे कोण बघणार?

मोजणीची पहिली पायरी आपल्याच राज्यात पडली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर इथं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा हेतू. प्रसूती होते तिथंच बाळ तपासायचं. घरी आशाताईंनी पहिल्या सहा आठवड्यांत बघायचं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक यायचं. जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, आणि त्याच यादीत जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात बहिरेपण आणि हृदयाचा दोषही आहे. रुबेला जे तीन घाव घालतो, ते तिन्ही तिथं आहेत. ही तपासणी विषाणू शोधत नाही, त्याच्या खुणा शोधते. पण प्रत्येक बाळाकडं सरकारच्या नजरेनं बघायचं, हे तिथून रुजायला लागलं.

दुसरी पायरी २०१६ ची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशातल्या काही निवडक रुग्णालयांत जन्मजात रुबेलावर नजर ठेवायला सुरुवात केली. त्यात पुण्याचं रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय होतं. वर्षाच्या आतल्या बाळात मोतीबिंदू, हृदयदोष किंवा बहिरेपण दिसलं की रक्त तपासायचं, असा नियम. पहिल्या आठ महिन्यांत या सगळ्या रुग्णालयांत मिळून २०७ संशयित बाळं आली. त्यातल्या ७२ बाळांना जन्मजात रुबेलाच असल्याचं रक्ताच्या तपासणीत पक्कं झालं. म्हणजे तीनातलं एक! बहुतेकांच्या हृदयात दोष होता. मैत्रिणींनो, हा आकडा आम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्या त्या मैत्रिणीचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तिचं बाळ लहान असताना हे असतं, तर निदान उत्तर तरी मिळालं असतं.

मग आली मोठी मोहीम. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, तामिळनाडू, गोवा अशा भागांत ती सुरू झाली. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या आतली राज्यातली तीन कोटींहून अधिक मुलं तिच्यात धरलेली. आधी शाळा, मग अंगणवाड्या आणि वस्त्या.

तेव्हाचे ते आठवडे आम्ही विसरणार नाही. मांजरी बुद्रुक तेव्हा ग्रामपंचायतीतच होतं, महापालिकेत आपण २०२१ मध्ये गेलो. मोहिमेच्या आधीच मोबाईलवर निरोप फिरायला लागले. या सुईनं मुली पुढं आई होणार नाहीत. या सुईनं मुलं दगावली. काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. पालकसभेत एक बाप उठून म्हणाला, आधी तुमच्या मुलांना द्या, मग आम्हाला सांगा. तो रागानं बोलला, पण त्याचं चूक नव्हतं. आमच्या गटातल्या सात-आठ जणींनी पहिल्याच दिवशी आपली मुलं रांगेत उभी केली. संध्याकाळी त्याच मुलांना घेऊन आम्ही वस्तीत फिरलो. डाव्या अंगठ्याच्या नखावरची शाईची खूण पोरं अभिमानानं दाखवत होती. एकाला रात्री बारीक ताप आला, सकाळी तो क्रिकेट खेळत होता. कुठल्याही भाषणानं झालं नसतं ते त्या पोरांनी केलं.

आणि घराघरांत आम्ही अफवेला एकच उत्तर दिलं. ही लस मुलींचं आईपण हिरावून घेत नाही, उलट त्यांच्या पोटातल्या बाळाला राखते. आमची ती मैत्रीणही आमच्याबरोबर फिरायची. ती फार बोलायची नाही. एका घरात आजी ऐकेनाच, तेव्हा ती एवढंच म्हणाली, आजी, माझ्या पोराला ऐकू येत नाही. का ते मला कधीच कळणार नाही. तुमच्या नातीवर ती पाळी नको. आजीनं नातीला पाठवलं.

तेव्हापासून एमआर लस नेहमीच्या लसीकरणात आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत फुकट. पुढच्या वर्षांत रुग्णालयांच्या नोंदींत जन्मजात रुबेलाची बाळं कमी होत गेल्याचं दिसलं. पण काम संपलेलं नाही. करोनाच्या काळात लसीकरण मागं पडलं, आणि २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवंडी भागात गोवरानं मुलं दगावली. गोवर आणि रुबेलाची सुई एकच आहे. जिथं गोवर शिरला, तिथून रुबेलालाही वाट मोकळी असते. देशातून हे दोन्ही आजार हटवायचं उद्दिष्ट आता २०२६ चं आहे.

जाता जाता पुढची गोष्ट सांगतो. रुबेलासारखाच आणखी एक विषाणू पोटातल्या बाळाचे कान बिघडवतो. त्याचं नाव सायटोमेगॅलो. त्याच्यावर अजून लस नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं फेब्रुवारी २०२३ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन या विषाणूची तपासणी सुरू केली. अशी सरसकट तपासणी करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. त्यामागचा कायदा एका मुलीच्या नावानं आहे. ती हा विषाणू घेऊन जन्मली आणि तिच्या घरच्यांनी त्यासाठी पाठपुरावा केला. सिडनीत आयांचं बोलणं डॉक्टरांच्या कानावर पडलं, तिथं ते सरकारच्या कानावर घातलं गेलं. टाचेच्या थेंबाची पद्धत आपल्यालाही अगदी नवी नाही. गोव्यानं २००८ मध्येच काही जन्मजात आजारांसाठी ती राज्यभर सुरू केली होती. विषाणूसाठी तशी तपासणी आपल्याकडेही मागता येईल. पण मागणी करायला आधी माहीत असावं लागतं.

तोवर आपल्या हातात काय आहे? गटाच्या महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर मुलांची लसीची कार्डंही आणा. एमआरच्या दोन्ही रकान्यांत तारीख आहे का, ते एकमेकींचं बघा. लग्न ठरलेल्या, दिवस जायचे असलेल्या मुलीनं ही लस घेतली होती का ते डॉक्टरांना विचारावं. मात्र दिवस गेल्यावर ही लस घेत नाहीत, आणि घेतल्यावर निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. बाळ झालं की त्याच्या बाहुलीत पांढरं दिसतं का, मोठ्या आवाजाला दचकतं का, दूध पिताना दमून थांबतं का, निळं पडतं का, याकडं लक्ष ठेवा. काही वाटलं तर उशिरा बोलेल, उशिरा बघेल म्हणत थांबू नका, आशाताईंना सांगा. बाळ वर्षाच्या आत असतानाच रक्तातून नेमकं कळू शकतं, आणि मोतीबिंदू लवकर काढला, कानाला मशीन लवकर लावलं, तर पुष्कळ काही वाचतं. अशा बाळाच्या अंगात विषाणू वर्षभर राहू शकतो, म्हणून दिवस गेलेल्या बाईनं तेवढे दिवस त्याच्यापासून दूर राहावं. पण बाळाला किंवा त्याच्या आईला कोणी वाळीत टाकू नये.

आणि शेवटचं. ज्या घरात असं बाळ आहे, तिथं जाऊन आईला ग्रहणाबद्दल विचारू नका. सिडनीतल्या त्या दवाखान्याबाहेर आया एकमेकींशी मोकळेपणानं बोलल्या, म्हणून एवढा मोठा शोध लागला. त्या बायका दोषी ठरायच्या भीतीनं गप्प बसल्या असत्या, तर आज आपल्या मांजरीत ती लस बनत नसती.

तुमच्या गटात, तुमच्या वस्तीत कोणाला असा अनुभव असेल तर बैठकीत बोला. आम्ही ऐकायला आहोत.